शेहेचाळीस नंबरची गोणी

पावसात मोटारसायकलींची शर्यत लावायची तर आधी पाऊस लागतो, आणि पाटोद्याचं घोडं तिथंच पेंड खातं. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. ढग पश्चिमेकडून येतात, बालाघाटाच्या डोंगरावर क्षणभर टेकतात, खाली बघतात आणि ‘पुन्हा कधीतरी निवांत येऊ’ म्हणून पुढच्या जिल्ह्यात निघून जातात. त्यांच्या येण्याची बातमी मोबाईलवर लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांत येत असते. पण गावातली जुनी माणसं अजून पंचांगच उघडतात. पंचांगात प्रत्येक नक्षत्राच्या पावसाला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले तर पाऊस बरा. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर बियाण्याचे पैसे मातीत गेले म्हणून समजायचं. बाकी जगात शर्यतीतला पाऊस म्हणजे नुसतं हवामान. आमच्याकडे तो स्वतःच स्पर्धक. स्वतःचं वाहन घेऊन उतरतो. तो कोल्ह्यावर, आम्ही स्प्लेंडरवर. त्यानं गाठायच्या आत घर जवळ करायचं एवढीच शर्यत; आणि बहुतेक वर्षी तो कोल्हा अर्ध्या वाटेवरूनच माघारी फिरतो.

हे पाटोदा बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मुद्दाम सांगावं लागतं, कारण भास्करराव पेरे पाटलांचं गाजलेलं आदर्श गाव पाटोदा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे आणि पाहुणे नेहमी घोटाळा करतात. “तुमच्याकडे गिरणीत फुकट दळण मिळतं म्हणे?” असं मोठ्या आदरानं विचारतात. मिळतं ते त्या पाटोद्यात. या पाटोद्यात दळणाचा डबा पेट्रोलच्या टाकीवर ठेवून माणूस निघतो, वाटेत सर गाठते आणि कणीक घरी मळूनच पोचते.

पाण्याच्या बाबतीत आमचं नशीब एकूणच असं आहे. मांजरा नदीचा उगम आमच्या तालुक्यात. ती इथून निघते, सव्वासातशे किलोमीटर चालते, लातूर, बिदर करत तेलंगणात जाते, जाता जाता हैदराबादला पाणी पाजते आणि गोदावरीला मिळते. आम्ही माहेरची माणसं. लेक सासरी सुखात आहे एवढं ऐकून समाधान मानायचं.

तर अशा गावात खरोखरच मुसळधार पाऊस सुरू झाला की काय होतं, ते बघण्यासाठी बसस्टँडजवळच्या हॉटेलाइतकी चांगली जागा नाही. (हॉटेल म्हणजे चहाचं. राहायची सोय बाकड्यावर.) आत कुणीतरी टीव्हीवर मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकलींच्या जागतिक स्पर्धेतली, शर्यत लावलेली असावी आणि बाहेर रस्त्यावर आमची सुरू असावी. हा योग मी साधला आहे, आणि माझं मत असं झालंय की टीव्हीवरची शर्यत जरा बेतानंच बघावी. सवय लागली तर पाटोद्यातलं थरारक वाटेनासं होईल असं नाही, उलट टीव्हीवरची माणसंच फार लाडावलेली वाटायला लागतात.

आता बघा. त्यांची गाडी १००० सीसीची. वजन निदान १५७ किलो. ब्रॅड बाइंडर नावाच्या स्वारानं २०२३ साली इटलीत मुजेल्लोच्या ट्रॅकवर ती ताशी ३६६ किलोमीटरनं पळवली. आमची स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली, तिचं इंजिन १०० सीसीलाही पुरं पडत नाही, आणि तिच्यावर नवरा, बायको, दोन पोरं, एक युरियाची गोणी आणि माहेरहून आलेली शिदोरी असते. पाऊस आला की त्यांचे पंच पांढरं निशाण दाखवतात. मग स्वार पिटमध्ये येतो, भिजल्या गाडीवरून टुणकन उतरतो आणि शेजारी तयार ठेवलेल्या दुसऱ्या गाडीवर बसून निघून जातो. २००५ पासूनचा नियम आहे हा. दुसरी गाडी! आमच्याकडे एका गाडीचे हप्ते फिटेपर्यंत तिच्यावर अख्खं घर बसतं, आणि तिथं एका माणसाला दोन गाड्या, त्यातली एक नुसती पावसासाठी.

दुसऱ्या गाडीला पावसाचे टायर लावलेले असतात. कोरड्या रस्त्याचं टायर एकदम गुळगुळीत असतं, त्याला ते स्लिक म्हणतात. ते तापलं की रस्ता धरून ठेवतं. पण पाणी साचलं की त्याला पाणी बाहेर फेकायला वाट नसते; टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि गाडी चालायची सोडून तरंगायला लागते. म्हणून पावसाच्या टायरला खोल चर असतात आणि त्याचं रबरही मऊ असतं. हे शास्त्र मी हॉटेलात समजावून सांगितलं तेव्हा शेजारचे आबा म्हणाले, “म्हणजे आपला गोटा.” बरोबर. गुळगुळीत झालेल्या टायरला आम्ही गोटा म्हणतो. फरक इतकाच, की ते लोक गोटा विकत घेतात आणि आम्ही तो घरी तयार करतो. चांगलं नक्षीचं टायर आणायचं, तीन-चार वर्षं खडीवरून, मुरमावरून, बाभळीच्या काट्यांवरून फिरवायचं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत अस्सल स्लिक तयार. ते बदलायचं कधी, याचा आमचा नियम एकच आहे: आतली तार दिसली की. तारसुद्धा थोडाफार रस्ता धरते असं काही जाणकारांचं मत आहे.

त्यातून २०२५ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये ल मान्सला जे घडलं, त्यानं आमच्या मताला बळकटीच आली. पाऊस येत-जात होता. बाकीचे बहुतेक गाड्या बदलत बसले. योहान झार्को मात्र पावसाच्या टायरवर ठाण मांडून बसला, काही बदललं नाही, आणि जिंकला. मोठ्या गटात फ्रेंच माणूस घरच्या मैदानावर जिंकण्याची ही १९५४ नंतरची पहिलीच वेळ. म्हणजे एकाहत्तर वर्षांनी त्यांना कळलं की टायर न बदलण्यात फायदा आहे. आमच्या मामांना हे एका गाडीच्या आयुष्यातच कळलं होतं.

मग नंबराचा विषय. शर्यतीत प्रत्येक गाडीवर नंबर असतो. आमच्या गाड्यांचे नंबर चिखलात गेलेले असतात, पण स्वाराच्या पाठीवर ठळक नंबर असतो, कारण रेनकोट ही वस्तू आमच्या तालुक्यात फारशी रुजलेली नाही. वर्षात मोजून काही दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी कोण वेगळे कपडे शिवतं? त्यापेक्षा खताची रिकामी गोणी घ्यायची, तिचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा, खोळ झाली. ती डोक्यावर घातली की पाठीवर खताचं नाव आणि आकडे येतात. युरियाच्या गोणीवर नायट्रोजन ४६ टक्के असं लिहिलेलं असतं. आता ज्यांना हा खेळ ठाऊक आहे त्यांनी जरा सावरून बसावं. ४६ हा मोटोजीपीच्या व्हॅलेंटिनो रॉसी या स्वाराचा नंबर. त्याच्या मानासाठी २०२२ साली मोटोजीपीनं हा नंबर कायमचा बाजूला ठेवला. आता तो तिथं कुणालाही मिळत नाही. आमच्याकडे मृग लागला की शेकडो शेहेचाळीस नंबर एकाच वेळी रस्त्यावर उतरतात. १०:२६:२६ ची खोळ घेतलेला दिसला तर तो २६ नंबरचा स्वार पेड्रोसा, तोही दोनदा. डीएपीवाला १८:४६, म्हणजे तिथंही रॉसी आलाच. ज्याच्या पाठीवर पेंडीच्या कंपनीची गोणी असते, त्याला प्रायोजक मिळाला असं समजावं.

रॉसी पावसात जबरदस्त चालवायचा. तरी २०१६ साली नेदरलँड्समध्ये आसेनला एवढा पाऊस झाला की शर्यत मध्येच थांबवली, पुन्हा सुरू केली, आणि सगळ्यांच्या पुढं असलेला रॉसी सपशेल घसरला. जॅक मिलर जिंकला. हे मी एवढ्यासाठी सांगतो, की बाहेर रस्त्यावर आमचा एखादा शेहेचाळीस नंबर आडवा झाला की हॉटेलातली मंडळी लगेच त्याच्या चालवण्याला नावं ठेवतात. माणसानं थोडा इतिहास ध्यानात ठेवावा.

याच रॉसीनं २००५ च्या सुमारास वळणावर ब्रेक मारताना आतल्या बाजूचा पाय हवेत सोडायची पद्धत आणली. जगभर चर्चा झाली. शास्त्रज्ञांनी कारणं शोधली: तोल, वारा, वजन. मग बाकीचे स्वारही पाय सोडायला लागले. ओल्या काळ्या रानातून गाडी काढणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. आम्ही दोन्ही पाय सोडतो. मागचाही सोडतो. एका गाडीला चार पाय जमिनीलगत तरंगत असतात, आणि गाडी झोल खायला लागली की त्यातला जो आधी टेकेल त्याच्या चपलेनं ब्रेक लागतो. खरा पुढचा ब्रेक आमच्याकडे वापरात नाही. ‘पुढचा दाबला की माणूस डोक्यावर पडतो’ हे लहानपणी एकदा कुणीतरी सांगितलेलं असतं, ते पुरतं. तिकडचे लोक थांबायचं बरंचसं काम पुढच्याच ब्रेकवर करतात म्हटल्यावर आबा हळहळले. “मग पडतेतच की ते,” म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आसेन होतंच.

निशाणांच्या बाबतीत मात्र मी आमच्या बाजूनं भांडायला तयार आहे. त्यांच्याकडे पांढऱ्यावर लाल फुली म्हणजे या टप्प्यावर पावसाचे थेंब आहेत. पिवळे-लाल पट्टे म्हणजे रस्ता घसरडा. लाल म्हणजे शर्यत बंद. प्रत्येक ठिकाणी माणूस उभा, हातात निशाण. एवढा खर्च! आमच्याकडे खड्ड्यात बाभळीची फांदी उभी केलेली दिसली की खड्डा. फांदीला जुनं टायर अडकवलेलं असेल तर मोठा खड्डा. फांदी नुसतीच आडवी वाहत येताना दिसली तर पुढं रस्ता नाही. आणि ओढ्याच्या पलीकडं एखादा म्हातारा टॉवेल गरागरा फिरवत असेल तर ते लाल निशाण. मात्र तो टॉवेल ‘येऊ नको’ म्हणतोय की ‘ये, ये, काही होत नाही’ म्हणतोय हे अलीकडून कळत नाही, आणि बहुतेकदा पलीकडंही दोन मतं असतात.

ओढ्यावरच्या फरशी पुलावरून वाहणारं हे पाणी हा आमच्या शर्यतीचा खरा टप्पा. डोंगरात पाऊस पडला की गावात कोरडं असतानाही ओढा फुगून येतो. दोन्ही काठांना गर्दी जमते. गर्दीत गाडीवाले थोडे आणि सल्लागार फार. “पहिल्यात टाक. रेस सोडू नको. सायलेन्सरात पाणी गेलं की संपलं.” सांगणाऱ्याच्या पायात कोरडी चप्पल असते. एखादा तरणा जोरात रेस देत शिरतो, मध्यावर गाडी फुरफुरते, बंद पडते आणि मग सल्लागारांतलेच चौघे पँटी वर करून आत शिरतात आणि गाडी ढकलत बाहेर काढतात. प्लग काढून पुसतात. गाडी आडवी करून सायलेन्सरातलं पाणी ओततात. किका मारून मारून एकाचा गुडघा दुखायला लागला की दुसरा पुढं होतो. मोटोजीपीत एवढे मेकॅनिक ठेवायला काय पगार द्यावे लागत असतील!

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी गाडीला बाजूनं रेटतं, आणि फरशीची कड पाण्याखाली दिसत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जे केलं, बीड-धाराशिवकडे माती खरवडून गेली, जनावरं दावणीला बुडाली, त्यात विनोद शोधायचं मला तरी धैर्य नाही. त्या दिवसांत जे काठावरून गाडी वळवून माघारी गेले, त्यांचं कुणी कौतुक केलं नाही. करायला हवं होतं. माघारी वळणाऱ्याची रील कुणी काढत नाही.

सरकारी हिशेबात जोरदार पाऊस कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. त्याखाली झाला तर तो नुसता पाऊस. ६४ मिलिमीटरमध्ये वाहून गेलेल्या माणसानं आपण नेमके कशात वाहून गेलो हे सांगणं अवघड आहे. ६५ भरले की पंचनामा, आणि पंचनाम्याला साहेब मोटारसायकलवरच येतात. आमच्या काळ्या मातीचा गुण असा, की ती ओली झाली की साहेब आणि शेतकरी यांत भेद करत नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती भरत जाते, घट्ट बसते आणि बांधाच्या अलीकडं चाक फिरायचंच थांबतं. गाडी स्टँडशिवाय उभी राहते. म्हणून शहाणी माणसं पावसाळा लागला की पुढचं मडगार्ड काढून घरी ठेवतात. मग माती चाकात न बसता चालवणाऱ्याच्या तोंडावर बसते, पण गाडी चालते. पैठणहून निघालेली नाथांची पालखी आषाढीसाठी आमच्याच तालुक्यातून जाते. अशा वेळी चिखलात रुतलेल्या गाड्यांच्या शेजारून वारकरी टाळ वाजवत पुढं निघून जातात, तेव्हा वाहन कशाला घेतलं हा प्रश्न मनाला चाटून जातो.

जवळच्या सौताड्याच्या धबधब्याचा विषय मी थोडक्यात उरकतो, कारण तिथं लिहिण्यासारखं धबधब्यात आहे, शर्यतीत नाही. विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ. पाऊस लागला की आसपासच्या गावांतून पोरं तिघं-तिघं बसून निघतात. सायलेन्सर काढलेला. आवाज शंभरचा, वेग चाळीसचा. मागचा मोबाईल वर धरून चित्रण करतो, मधला त्याला धरतो, पुढच्याला कुणीच धरत नाही. वर पोचल्यावर तिघंही धबधब्याकडं पाठ करून उभे राहतात. माझी तक्रार वेगाबद्दल नाही. एवढा पाऊस अंगावर घेऊन आलात तर निदान वळून बघा.

नवी मुंबईकडे दरवर्षी पावसाळ्यात मान्सून स्कूटर रॅली भरत असे. मुद्दाम चिखल असलेलं मैदान शोधायचं, वेळ लावायची, त्यातून स्कूटर काढायच्या आणि जिंकणाऱ्याला करंडक द्यायचा. हे सांगितलं तेव्हा हॉटेलात शांतता पसरली. चिखलातून गाडी काढली म्हणून करंडक? मग आमच्या प्रत्येक झेडपीच्या गुरुजींच्या घरात कपाट अपुरं पडायला हवं.

पण हॉटेलात खरी खळबळ इंडोनेशियाच्या गोष्टीनं उडाली. २०२२ च्या मार्चमध्ये तिथल्या मंडालिका ट्रॅकवर एवढा पाऊस आला की शर्यत तासाभराहून जास्त अडली. आयोजकांनी पाऊस थांबवणारी एक बाई आधीच आणून ठेवली होती, रारा इस्तियाती वुलांदारी. ती हातात वाडगं घेऊन, मंत्र म्हणत भर पावसात पिटसमोर फिरली. पुढं पाऊस ओसरला, शर्यत झाली, मिगेल ओलिव्हेरा जिंकला. बाईंचं नाव जगभर झालं.

“पाऊस थांबवायला आणली?” आबांनी पुन्हा विचारलं.

“हो.”

“आन पैसे दिऊन?”

यानंतर जे संभाषण झालं ते छापण्याजोगं नाही. २०१५ आणि २०१९ साली सरकारनं मराठवाड्याच्या ढगांवर विमानं उडवली, रसायनं फवारली, की बाबा पड. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. आणि इकडं कुणी पैसे मोजून पाऊस घालवतंय! ती बाई पाटोद्यात आली असती तर तिला पाणीसुद्धा विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तरी टँकरची वेळ सांगितली असती. पावसात घसरून पडलेला, गुडघा फुटलेला, गोणी फाटलेला माणूस आमच्याकडे उठतो, गाडीचं हँडल सरळ करतो आणि म्हणतो, “जाऊंद्या, पण चांगला झाला.” हे तो पावसाबद्दल बोलत असतो. पावसाला नावं ठेवणारा पाटोद्यात मी अजून बघितलेला नाही. रस्त्याला ठेवतात, ठेकेदाराला ठेवतात, शेजारच्या मंडळात जास्त झाला म्हणून शेजाऱ्यांना ठेवतात.

या सगळ्या गाडीवाल्यांत कसलेला गडी म्हणाल तर दूधवाला. बाकीचे घरी पोचायला पळतात; उशीर झाला तर बायकोची बोलणी. दूधवाल्याला वेळ आहे. सकाळी ठरल्या वेळेला संकलन केंद्रावर पोचलं पाहिजे, नाहीतर टँकर निघून जातो आणि दूध नासतं. गाडीच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. म्हणजे ऐंशी किलोच्या वर वजन, तेही आत डचमळणारं. वळणावर गाडी डावीकडं वळते, दूध जरा उशिरानं वळतं. वर पाऊस, खाली गोटा, समोर काचेवर पाणी म्हणून हेल्मेट आरशाला अडकवलेलं. अशा अवस्थेत ही माणसं अंधारात खड्डे पाठ असल्यामुळं निघतात आणि एसटीला ओलांडून पुढं जातात. मोटोजीपीच्या गाडीत शर्यतीला २२ लिटर पेट्रोल असतं आणि ते जसं जळतं तशी गाडी हलकी होत जाते. दूधवाल्याची गाडी थांब्यागणिक जड होत जाते. आणि वजन पेट्रोलचं नाही, मालाचं आहे. सांडलं तर लोक हळहळण्याऐवजी मांजरं बोलावतात.

केंद्रावर पोचलं की झेंडा नाही, तपासणी. गाईच्या दुधाला फॅट साडेतीन, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) साडेआठ. त्याखाली गेलं की भाव उतरतो. मुसळधार पावसाच्या दिवशी तिथं थांबावं. ओले गच्च तात्या आले. कॅन उतरवले. पोरानं एका कॅनमधलं दूध घेतलं, काटा बघितला.

“तात्या, डिग्री कमी लागती.”

“लागंलच. पाऊस केवढाय बघ की. झाकणातून गेला आसंल.”

पोरानं मान डोलावली. दुसरा कॅन उघडला, पुन्हा काटा बघितला.

“ह्यात तर बरोबर हाय. एकाच कॅनवर पाऊस पडला व्हय?”

तात्यांनी खोळ काढली, शांतपणे पिळली आणि रस्त्याकडं हात केला.

“येताना डाव्या अंगानं व्हता.”